समाचाराला जातांना

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. लग्न होऊन त्यांना अद्याप वर्ष झालेलें नाहीं. घर भरलेलें, सासूसासरे, चुलतसासरे, दोन जावा आणि वरच्या खोलींत आतेसासूबाई. एके दिवशीं दुपारीं सासूबाईंनीं त्यांना सांगितलें, "साधीशी साडी नेस, आपल्याला समाचाराला जायचें आहे." ज्या घरीं गेल्या तेथील कर्ता पुरुष आठ दिवसांपूर्वीं वारला होता. सासूबाई आंत जाऊन बसल्या. ह्या दाराशीं सतरंजीच्या कडेला टेकल्या. पाऊण तासांत यांच्या तोंडून एकच वाक्य निघालें, "काळजी घ्या," आणि तें निघतांच आपण कांहीं तरी भलतेंच बोललों असें वाटून यांची मान जी खालीं गेली ती घरीं येईपर्यंत वर झाली नाहीं. त्या लिहितात: "शाळेंत आम्हांला अभिनंदनाचें पत्र शिकविलें, आभाराचें शिकविलें, रजेचा अर्ज शिकविला. हें कोणींच शिकविलें नाहीं. तेथें जाऊन बोलावें तरी काय?"

प्रश्न विचारल्याबद्दल आम्ही या भगिनीचे आभारी आहों. आमच्या वयाच्या माणसांनाही त्याचें उत्तर धड येतें असें नाहीं. फरक इतकाच कीं, केंस पांढरे झाल्यावर तो विचारण्याची लाज वाटते.

हल्लीं पुष्कळांनीं या प्रश्नांतून आपली सुटका करून घेतली आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲपच्या गटावर बातमी येऊन पडते आणि पांच मिनिटांच्या आंत "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू होतात. एकानें लिहिलेलें दुसरा उचलतो, तिसरा नुसतें हात जोडल्याचें चित्र टाकतो. अर्ध्या तासांत चाळीस जणांचा दुखवटा पुरा होतो. आमच्याच गटावर एकदां एका मावशींच्या निधनाची बातमी आणि एका भाच्याच्या मुलाचा वाढदिवस एकाच सकाळीं आला. घाईघाईनें एका गृहस्थांनीं वाढदिवसाखालीं हात जोडले आणि मावशींच्या खालीं केकचें चित्र ठेवलें. कोणी रागावलें नाहीं. कोणीं वाचलेंच नव्हतें, तर रागावणार कोण? परदेशीं असलेल्या मुलाबाळांना बातमी तत्काळ पोंचते हा त्या यंत्राचा उपकार आम्ही नाकारीत नाहीं. तार २०१३ सालीं बंद झाली आणि तिची जागा कोणी तरी घ्यावयास हवीच होती. पण जवळच्या माणसाला तार आली कीं तो पिशवी भरून स्टेशनाची वाट धरीत असे. तारेनें त्याचें काम सुरू होई. आतां फोन खालीं ठेवला कीं तें संपतें.

वास्तविक या भेटीला आपल्या भाषेंत फार नेमका शब्द आहे. आपण समाचार देत नाहीं, समाचार घेतों. काय झालें, कसें झालें, शेवटीं जवळ कोण होतें, आतां तुम्ही कसे आहां, हें विचारावयाचें आणि सांगणारा सांगेल तितकें ऐकून घ्यावयाचें, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. म्हणजे बोलण्याचें काम पाहुण्याचें नाहींच, तें त्या घराचें आहे. तें घर बोललें नाहीं तर पाहुण्यानेंही गप्प बसावें. सतरंजीच्या कडेला पाऊण तास नुसतें बसणें हें काम न झाल्यासारखें वाटतें, पण तेंच काम आहे. निघतांना "येतों" म्हणूं नये, मुकाट्यानें उठावें, ही रीत सासूबाईंनीं वाटेंत सांगितली असेलच. (कोणाची खरडपट्टी काढावयाची झाली म्हणजेही आपण त्याचा समाचारच घेतों, आणि कांहीं मंडळी दुःखाच्या घरीं जाऊन हाच दुसरा अर्थ खरा करून येतात. त्यांच्याविषयीं पुढें.)

बोलून होणाऱ्या सांत्वनाची धांव किती, हें कालिदासाला पक्कें ठाऊक होतें. रघुवंशाच्या आठव्या सर्गांत अजराजाची राणी इंदुमती उद्यानांत अकस्मात् मरण पावते. आकाशमार्गानें जाणाऱ्या नारदांच्या वीणेवरची माळ वाऱ्यानें उडून तिच्या अंगावर पडते, आणि तेवढ्यानें सर्व संपतें. अजाचा विलाप शाळेंत संस्कृत घेतलेल्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. पण त्यापुढचा प्रसंग सहसा कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. कुलगुरु वसिष्ठ यज्ञाची दीक्षा घेऊन बसलेले. त्यांना आश्रम सोडतां येत नाहीं, म्हणून ते एका शिष्याबरोबर उपदेश पाठवितात. शिष्य येतो आणि सांगतो कीं, ती मूळची अप्सरा, शापामुळें खालीं आली होती, शापाची मुदत संपली म्हणून गेली. जन्मास आलेल्यास मरण ठरलेलेंच. आप्तांच्या अश्रूंनीं मृताला उलट क्लेश होतात. जाणत्यानें शोक आंवरावा. शिष्याच्या दृष्टीनें यांत एक अक्षर खोटें नव्हतें. राजानें तो उपदेश मान्य केला आणि मुनीला निरोप दिला. मात्र कवि म्हणतो कीं, शोकानें गच्च भरलेल्या त्या हृदयांत उपदेशाला पाय ठेवावयास जागाच मिळाली नाहीं, आणि तो जणूं आल्या वाटेनें गुरूकडे परत गेला. मुलगा लहान होता म्हणून अजानें त्यापुढें आठ वर्षें कशीबशी काढलीं, राणीचीं चित्रें पाहून आणि स्वप्नांतल्या घटकाभराच्या भेटींवर.

आम्हांला त्या शिष्याची नेहमीं कींव येते. तो बिचारा निरोप पोंचविण्यासाठीं आला होता. राजाला त्यानें एकही प्रश्न विचारला नाहीं.

धर्मशास्त्रानें सांत्वन सांगितलेलें नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आशौचप्रकरणांत तें स्पष्ट सांगितलें आहे. मृताला उदक देऊन पाण्याबाहेर आलेल्या आप्तांना कोंवळ्या हिरवळीवर बसवावें आणि जुन्या कथा सांगून त्यांचा शोक हलका करावा. मग लहान मुलांना पुढें घालून घरीं परतावें, दाराशीं कडुलिंबाचीं पानें चावावीं आणि नंतर आंत जावें. त्या दिवसांत आप्तांनीं विकत घेतलेलें किंवा दुसऱ्याकडून मिळालेलें अन्न खावें असेंही तेथेंच आहे. स्मृतिकाराचें लक्ष कोठें कोठें आहे तें पाहण्यासारखें आहे. कथा सांगावयाची खरी. पण बसावयाला जागा मऊ असावी, वाटेंत दृष्टीसमोर मूल असावें आणि घरीं चूल पेटवावी लागूं नये, एवढें सगळें त्यानें त्या कथेच्या आजूबाजूला मांडून ठेवलें आहे.

शेजारच्या घरून पहिल्या दिवशीं पिठलें-भात येतो, तो आम्ही याच नियमाचा घरगुती अवतार समजतों. पिठलें-भातच कां, असें लहानपणीं आम्हीं आजीला विचारलें होतें. तिनें शास्त्र सांगितलें नाहीं. ती म्हणाली, "घशाखालीं उतरतो म्हणून."

आतां जेवणाचा डबा फोनवरून मागवितां येतो हें खरें. पण त्या घरीं डब्याखेरीज दुसरीं शंभर कामें असतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करावी लागते. मग दाखल्याच्या प्रती बँकेला, पेन्शनच्या कचेरीला, विम्याला, विजेच्या मीटरवरचें नांव पालटण्याला. त्या कचेरींतल्या खिडकीशीं तरुण मुलगा आपल्या वडिलांचें नांव मृताच्या रकान्यांत पहिल्यांदाच वाचतो. त्या वेळीं त्याच्या मागें रांगेंत जो नुसता उभा असेल त्यानें सतरंजीवर बसून केलेल्या दहा उपदेशांचें काम केलें. घरीं कांहीं लागलें तर सांगा, असें म्हणून निघणारे पुष्कळ असतात. दुःखांतला माणूस सांगत नाहीं. मंगळवारीं अकरा वाजतां येतों, आपण दोघे नगरपालिकेंत जाऊं, असें म्हटलें म्हणजे त्याला "बरें" एवढेंच म्हणावें लागतें.

आतां त्या दुसऱ्या अर्थानें समाचार घेणाऱ्यांविषयीं. हे बसल्याबरोबर उलटतपासणी आरंभितात. औषध कोणाचें होतें? त्यांचें? अरेरे, आमच्या व्याह्यांना त्यांचाच वाईट अनुभव! महिनाभर आधीं मुंबईस हलवितां आलें नसतें का? दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतलें होतें का? हें चालू असतां, ज्या मुलानें सतरा रात्री दवाखान्याच्या बांकावर काढल्या तो समोर मान घालून बसलेला असतो. त्याच्या मनांत तो खटला आधींच उभा असतो, आरोपीही तोच आणि वकीलही तोच. बाहेरून न्यायाधीश आणण्याची त्याला गरज नसते. दुसरे कांहीं लोक सांत्वनाचीं ठरलेलीं वाक्यें खिशांत घेऊन येतात. पिकलें पान गळायचेंच. अहेवपणीं गेल्या, सोनें झालें. सुटले बिचारे. यांतलें शेवटचें वाक्य खरें असतें म्हणूनच आम्ही त्याला अधिक भितों. अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयीं तें म्हणण्याचा अधिकार ज्यानें त्याची शुश्रूषा केली त्यालाच आहे. त्यानें म्हटलें तर आपण मान हालवावी, त्याच्या आधीं आपण म्हणूं नये.

आमच्या ओळखीच्या एका मोठ्या कुटुंबांत सासरे सहा वर्षें अंथरुणावर होते. धाकट्या सुनेनें त्यांचें सर्व केलें; औषधें, अंग पुसणें, भरविणें, रात्रीची हांक. ते गेल्यावर तेरा दिवस घरांत माणसांची रीघ होती. येणारे थोरल्या चिरंजीवांच्या खांद्यावर हात ठेवीत, सासूबाईंच्या जवळ बसत. धाकटी सून कपबशा विसळीत होती. तिच्याशीं कोणी बोललेंच तर एवढेंच, "सुटलीस ग बाई." बाराव्या दिवशीं भांडीं घासणाऱ्या बाईनें हातांतलें पातेलें खालीं ठेवून तिला विचारलें, "वैनी, आतां दुपारचे चार वाजले कीं तुम्हांला चुकल्यावानी होत आसंल, न्हाई?" चार वाजतां ती सासऱ्यांना पेज भरवीत असे. ती तेथेंच मोरीच्या कडेला बसली आणि बारा दिवसांत पहिल्यांदाच रडली. आम्हीं ऐकलेला हा सर्वांत चांगला समाचार. एकत्र कुटुंबांत दुःखाची वांटणी नात्याच्या पायरीप्रमाणें होते असें आपण धरून चालतों. लग्न न झालेली आत्या, धाकटी सून, वीस वर्षें घरांत वावरलेला गडी, यांच्यापुढें कोणी बसत नाहीं.

विधवेला भेटावयास जाणाऱ्या आमच्या भगिनींस एक गोष्ट मोकळेपणानें सांगावयाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें २०२२ च्या मे महिन्यांत ठराव केला कीं, नवरा वारल्यावर बाईचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढून घेणें हे प्रकार गांवांत बंद व्हावे. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्याविषयीं परिपत्रक काढलें. शहरांतल्या शिकलेल्या घरांनीं तें वर्तमान वाचून मान डोलाविली. असें असूनही समाचाराला गेल्यावर आपली नजर आधीं त्या बाईच्या कपाळाकडे जाते आणि मग मनगटाकडे. आणि ती नजर तिला दिसते. तिनें टिकली लावली असेल किंवा नसेल. आपण तिच्या डोळ्यांकडे पाहावें.

बोलणें टाकलेल्या घरीं जावें कीं नाहीं, हाही प्रश्न भाऊबंदांत वारंवार येतो. लग्नाला बोलावणें लागतें, दुःखाला लागत नाहीं, ही जुनी रीत येथें उपयोगी पडते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले पुण्यास वारले तेव्हां लोकमान्य टिळक सिंहगडावर होते. उभयतांचें राजकारणांत वर्षानुवर्षें पटलेलें नव्हतें. १९०७ सालीं सुरतेस काँग्रेस दुभंगली ती या दोन पक्षांच्याच झगड्यांत. बातमी कळतांच टिळक गड उतरून आले आणि स्मशानांत उभे राहून त्यांनीं गोखल्यांच्या देशसेवेचा गौरव केला. मतभेद जेथल्या तेथें राहिले; गड उतरण्याच्या आड मात्र ते आले नाहींत. आपल्यांत वाद असतो तो बहुधा परसांतल्या विहिरीचा किंवा जिन्याखालच्या खोलीचा.

ज्यांना जाणें शक्य नाहीं त्यांनीं पत्र लिहावें. मृत्यूचें वर्तमान कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा पूर्वीं फाडलेला असे आणि माथ्यावर "श्री" नसे. तें हातांत येतांच अक्षर वाचण्यापूर्वीं घरांतल्यांना कळे. असलीं पत्रें घरांत ठेवावयाचीं नाहींत, वाचून फाडावयाचीं, असा आमच्या घरचा कडक नियम होता, आणि समाचाराच्या पत्रांनाही तो लागूं असे. आमचे वडील १९८६ सालीं वारले. ते तालुक्याच्या गांवीं शाळामास्तर होते. पत्रें पुष्कळ आलीं. आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाचें वृत्त ऐकून अत्यंत वाईट वाटलें, ईश्वर मृतात्म्यास शांति देवो. थोरले बंधु एकेक वाचून दाखवीत, आई ऐके, आणि पत्र फाडलें जाई. तेराव्यानंतर एक कार्ड आलें तें बाजारांतल्या सायकल-दुकानदाराचें. अक्षर वांकडें, मजकूर सहासात ओळींचा. गुरुजी रोज संध्याकाळीं शाळा सुटल्यावर दुकानावर थांबत. चाकांत हवा असली तरी भरून घेत, दहा पैसे देत, आणि तेवढ्या वेळांत माझ्या पोराकडून एक पाढा म्हणवून घेत. पोरगा आतां बँकेंत लागला आहे. गुरुजींनीं हवेचे पैसे कधीं बुडविले नाहींत.

आईनें तें पुन्हां वाचावयास लावलें. वडील शाळेंतून रोज पाव तास उशिरा येत, आणि चहा निवतो म्हणून ती त्यांच्यावर रोज चिडत असे. "हवा भरत होतों" असें ते सांगत. तिला तें खरें वाटत नसे. बत्तीस वर्षांच्या संसारांतला तो पाव तास तिला त्या कार्डानें आणून दिला. बंधूंनीं संवयीनें कार्ड फाडावयास घेतलें तेव्हां तिनें हात पुढें केला. पुढें ती गेली त्या वेळीं पोथीच्या कापडांत तें जसेंच्या तसें निघालें.

पत्रांत काय लिहावें हें विचारणारांस आम्ही त्या दुकानदाराचें कार्ड दाखवितों. गेलेल्या माणसाची जी गोष्ट आपल्यालाच ठाऊक आहे आणि त्याच्या घराला ठाऊक नसेल, ती एक लिहावी. आत्म्याच्या शांतीचें ईश्वर पाहून घेईल.

इतकें सगळें लिहिल्यावर आमचा स्वतःचा अपराध न सांगणें लबाडीचें होईल. २०२१ च्या मे महिन्याच्या आरंभीं, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, आमच्या एका शाळासोबत्याची पत्नी वारली. तो कोंकणांत असतो. त्या काळांत अंत्यविधीला देखील मोजक्याच माणसांस जातां येई. समाचाराला जाणें तर बोलावयासच नको. पण फोन होता, टपाल होतें. आम्हीं फोन केला नाहीं. लेखणीवर पोट भरणाऱ्या आम्हांला वाक्य सुचेना. चार वेळां पत्र लिहावयास बसलों. पहिलें फार औपचारिक झालें, दुसरें फार लांबलें, तिसऱ्यांत आमचीच रड अधिक निघाली, चौथें पुरें झालें नाहीं. मनाशीं म्हटलें, वाट मोकळी झाली कीं जाऊनच येऊं. वाट मोकळी झाली तोंवर तेरावा होऊन महिने लोटले होते. मग वाटूं लागलें, आतां कोणत्या तोंडानें जावें? वर्षश्राद्ध झालें. उशीर होई तशी लाज वाढे, आणि लाज वाढे तसा उशीर. २०२३ च्या जानेवारींत दुसऱ्याच एका कामासाठीं त्या बाजूला जाणें झालें, आणि गाडी त्याच्या गांवच्या फाट्यावर थांबली तेव्हां आम्ही उतरलों.

त्यानें दार उघडलें. आम्हीं क्षमा मागावयास आरंभ केला. तो म्हणाला, "अरे, आधीं पाय धू." चहा त्यानेंच केला. "तिच्यासारखा होत नाहीं. आलें किती घालायची, कोण जाणे." योजून आणलेलीं सर्व वाक्यें आमच्या डोक्यांतून गेलीं होतीं. आम्हीं एवढेंच विचारलें, "वहिनी शेवटीं तुझ्याशीं बोलल्या होत्या का रे?"

मग तो जो बोलावयास लागला तो दिवेलागणीपर्यंत. दवाखान्यांत भेटूं देत नव्हते. फोनवर तिला धाप लागत होती. ती म्हणाली, "अंगणांत आमसुलें वाळत घातलीं आहेत. ऊन आहे तोंवर उलटीं करीत राहा." त्याच रात्रीं ती गेली. तो स्वतः तापांत होता. पोरें मुंबईस अडकलेलीं. आमसुलांकडे पाहतो कोण? पुढें दहाबारा दिवसांत तौक्ते वादळ आलें. कौलें उडालीं, माड आडवे झाले, आणि तीं आमसुलें पाण्यांत गेलीं.

"लोक कौलांचें विचारायला आले," तो म्हणाला. "माडांचे पंचनामे झाले. आमसुलांचें कोणाला सांगू? बायको गेली आणि हा आमसुलें काय घेऊन बसला, म्हणाले असते." थोडा वेळ तो बाहेर अंगणाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "आणि खरें सांगूं का, या घरांत तिचें नांवच कोणी घेत नाहीं. येतात, बसतात, आंब्याचें विचारतात, पावसाचें विचारतात. मला आठवण येईल म्हणून टाळतात. मी काय विसरलों आहें, कीं यांनीं नांव घेतल्यावर मला आठवेल?"

अंधार पडूं लागला तसे आम्ही उठलों. त्यानें आंतून वर्तमानपत्राची एक पुडी आणून आमच्या हातांत दिली. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें स्वतः केलेलीं आमसुलें होतीं. "मीठ जास्त झालें आहे. आमटींत घालशील तेव्हां बेतानें घाल." पायऱ्या उतरतांना संवयीनें आमच्या तोंडून "येतों" निघून गेलें, आणि आम्हीं जीभ चावली. तो मात्र दारांत उभा राहून म्हणाला, "ये. मे महिन्यांत ये. उलटीं करायला एकट्याला होत नाहीं."